निबंध छापला, साधनाची जबाबदारी कोणाची?

ऑक्सफर्डहून निघणारे ‘न्यूक्लिक ॲसिड्स रिसर्च’ हे नियतकालिक दर वर्षी जुलैमध्ये एक विशेषांक काढते. २००३पासूनचा हा शिरस्ता आहे. या अंकात वेबसाइटींचे निबंध छापले जातात. जगभरच्या प्रयोगशाळांनी तयार केलेल्या, कोणालाही फुकट वापरता येतील अशा वेबसाइटी. एखाद्या प्रथिनाची अक्षरमाला चौकटीत टाकायची, बटण दाबायचे आणि थांबायचे. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर येते: हे प्रथिन कोणत्या कुळातले, पेशीत कुठे राहणारे, त्याची घडी कशी पडते, त्याचा कोणता तुकडा लशीला उपयोगी पडू शकेल. विज्ञानाच्या भाषेत यांना बायोइन्फर्मेटिक्सची ऑनलाइन साधने म्हणतात. मराठीत जैवमाहितीशास्त्र हा शब्द आहे, पण आमच्या वर्गात सगळे ‘टूल’च म्हणतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही साधने जिवंत वस्तू आहेत. त्यांना रोज वीज लागते, दुरुस्ती लागते, नवी माहिती लागते. वैज्ञानिक नियतकालिके मात्र त्यांची परीक्षा एकाच दिवशी घेतात आणि प्रमाणपत्र कायमचे देतात. निबंध छापून आला की नियतकालिकाचे काम संपले, लेखकाच्या नावावर एक निबंध जमा झाला, आणि साधन देवाच्या भरवशावर. हा व्यवहार बदलला पाहिजे.

हा विषय या ब्लॉगवर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आधी देतो.

गरिबाची प्रयोगशाळा

मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवतो. आमच्या वर्गात मुस्लिम मुलींची संख्या गेल्या काही वर्षांत चांगली वाढली आहे. बारावीनंतर डॉक्टरकीला नंबर लागला नाही, पुण्या-मुंबईला पाठवायची घरच्यांची तयारी नाही, म्हणून बीएस्सी आणि पुढे एमएस्सी. मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा म्हटले की गाडी अडते. एक साधे रसायन मागवायचे तर कॉलेजचे वर्षाचे बजेट हलते. उणे ऐंशी अंशाचा फ्रीझर आहे, पण आमच्या गावची वीज कोणाच्या ऐकण्यातली नाही.

अशा ठिकाणी ऑनलाइन साधन म्हणजे अल्लाची मेहेरबानीच. संगणक आणि बऱ्यापैकी इंटरनेट असले की माझी विद्यार्थिनी तेच ‘ब्लास्ट’ वापरते जे हार्वर्डचा प्राध्यापक वापरतो. १९९० साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत अमेरिकन सरकारची एनसीबीआय ही संस्था आजही सगळ्या जगाला मोफत उपलब्ध करून देते. पासपोर्ट, फी, शिफारस, काहीही लागत नाही. विज्ञानात इतकी समता दुसरीकडे क्वचितच दिसते.

म्हणूनच साधन बंद पडते किंवा चुकीचे उत्तर देते तेव्हा पहिला फटका याच मुलींना बसतो. मोठ्या संस्थेतल्या संशोधकाकडे पर्याय असतो. तो स्वतःच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवतो, शेजारच्या प्रयोगशाळेत विचारतो, प्रयोग करून पडताळा घेतो. आमच्याकडे ती चौकट आणि ते बटण, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प अशा एका साधनावर उभा होता. नोव्हेंबरमध्ये तिने अर्ध्या प्रथिनांची उत्तरे काढली. फेब्रुवारीत उरलेली काढायला बसली तर पत्ताच उघडेना. मार्चमध्ये पुन्हा उघडला, पण तिथे ऑनलाइन जुगाराची जाहिरात होती. कोणीतरी डोमेनचे पैसे भरले नव्हते आणि दुसऱ्या कोणी ते विकत घेतले होते. लेखकांना तीन ईमेल पाठवले, दोन परत आले, तिसऱ्याला उत्तर नाही. निबंध मात्र नियतकालिकाच्या पानावर जसाच्या तसा होता, आणि त्याखाली ‘साधन मोफत उपलब्ध आहे’ हे वाक्यही.

आकडे काय सांगतात

हा एका मुलीच्या नशिबाचा प्रश्न असता तर मी लिहिले नसते. २०११ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात या विषयाची एक पाहणी प्रसिद्ध झाली. २००३ ते २००९ या काळात त्या जुलैच्या विशेषांकांत आलेली ९२७ साधने पाहणीकर्त्यांनी एकेक करून तपासली. ७२ टक्के साधने छापलेल्या पत्त्यावर सापडली. वरवर पाहता हा निकाल वाईट नाही. पण पुढे त्यांनी साधन चालते का, हेही पाहिले. ३३ टक्के साधनांची चाचणीच घेता आली नाही, कारण नमुन्याची माहिती दिलेली नव्हती किंवा तत्सम अडचण होती. १३ टक्के अपेक्षेप्रमाणे चालत नव्हती. ‘हे नक्की चालते’ असे खात्रीने म्हणता आले ते फक्त ४५ टक्क्यांबद्दल.

लक्षात घ्या, ही चाळणीतून निवडलेली साधने होती. या विशेषांकाची अट अशी की साधन सर्वांसाठी खुले हवे आणि वापरायला नोंदणीची सक्ती नको. लेखकांना आधी प्रस्ताव पाठवावा लागतो आणि संपादक साधन स्वतः उघडून पाहतात. इतकी काळजी घेऊनही निम्म्याहून अधिक साधनांबद्दल खात्री देता येत नसेल, तर ढिल्या नियमांच्या नियतकालिकांची गोष्ट वेगळी सांगायला नको.

त्याच पाहणीत लेखकांनाही प्रश्न विचारले होते. २७४ जणांनी उत्तरे दिली. त्यांतले ७८ टक्के म्हणाले की साधन तयार करण्याचे काम पूर्णपणे विद्यार्थ्यांनी आणि कायम नोकरी नसलेल्या संशोधकांनी केले आहे. २४ टक्के साधनांच्या देखभालीची काहीही योजना नव्हती.

पुढे २०१९ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’मध्ये आणखी मोठी पाहणी आली. दहा नियतकालिकांतल्या छत्तीस हजारांहून अधिक पत्त्यांपैकी २८ टक्के पत्ते उघडत नव्हते. शिवाय ९८ प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर बसवून पाहिले, तर त्यातले २८ टक्के काही केल्या बसलेच नाहीत.

हे होते कसे, ते या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पीएचडीचा मुलगा तीन-चार वर्षे खपून साधन तयार करतो. त्याच्या टेबलाखालच्या संगणकावरच ते चालत असते. निबंध छापून येतो, पदवी मिळते, मुलगा परदेशी किंवा कंपनीत जातो. मागून येणाऱ्याला स्वतःचे साधन करायचे असते. मग विद्यापीठ वेबसाइट बदलते आणि जुने पत्ते मोडतात, किंवा सुरक्षेचे कारण देऊन संगणक विभाग जुना सर्व्हर बंद करतो. यात कोणी बदमाश नाही. जुन्या साधनाची दुरुस्ती केली म्हणून बढती मिळालेला प्राध्यापक माझ्या पाहण्यात नाही. नव्या निबंधाला मात्र गुण आहेत. जिथे गुण आहेत तिथेच लोक कष्ट करणार.

परीक्षा कशी होते

आता मूल्यमापनाकडे येऊ. साधनाचा निबंध आला की संपादक तो दोन-तीन परीक्षकांकडे पाठवतात. परीक्षक बिनपगारी असतात, स्वतःच्या कामातून वेळ काढतात. ते निबंध वाचतात, वेबसाइट उघडतात, नमुन्याचे उदाहरण चालवतात, उत्तर आले की बरे म्हणतात. ‘बायोइन्फर्मेटिक्स’ या नियतकालिकाचा नियम आहे की प्रसिद्धीनंतर पूर्ण दोन वर्षे साधन उपलब्ध राहिले पाहिजे. नियम चांगला आहे. पण दोन वर्षे हा फार छोटा काळ आहे. निबंध वाचून, त्यावर विश्वास ठेवून, दुसऱ्याने काम हाती घेईपर्यंतच दोन वर्षे उलटतात.

याहून मोठा प्रश्न अचूकतेच्या दाव्यांचा आहे. बहुतेक निबंधांत एक तक्ता असतो: आमच्या साधनाची अचूकता ९४ टक्के, जुन्या पाच साधनांची ७० ते ८५. हा तक्ता लेखकानेच केलेला असतो. परीक्षेची प्रश्नपत्रिका त्याची, उत्तरपत्रिका त्याची आणि तपासनीसही तोच. तो खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. पण या शास्त्रात एक सापळा आहे आणि चांगले लोक त्यात अडकतात. साधनाला शिकवण्यासाठी काही प्रथिने वापरतात आणि तपासण्यासाठी दुसरी. ही दुसरी प्रथिने पहिल्यांची सख्खी-चुलत भावंडे असतील तर साधन काहीही न शिकता पास होते. गाइडमधलेच प्रश्न पेपरात आले की वर्गातला ढ मुलगाही नव्वद टक्के मिळवतो, तसेच हे. म्हणून शिकवणीच्या आणि चाचणीच्या संचांतली भावंडे आधी वेगळी काढावी लागतात. हे काम नीट झाले की नाही, ते परीक्षकाला वेबसाइटची चौकट पाहून कळत नाही. त्याला मूळ संच आणि कोड हातात हवा.

यावर उपाय नाही असे नाही. प्रथिनाची घडी ओळखण्याच्या क्षेत्रात १९९४पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची परीक्षा होते. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगाने नुकतीच कळली आहे किंवा कळायच्या बेतात आहे, पण अजून जाहीर झालेली नाही, अशांच्या अक्षरमाला सगळ्या गटांना देतात. सगळे आपापले भाकीत पाठवतात. मग तटस्थ परीक्षक खऱ्या रचनेशी ताडून पाहतात. आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखेच: पेपर बाहेरचा, तपासनीस बाहेरचा. २०२०मध्ये ‘अल्फाफोल्ड’ने याच परीक्षेत बाजी मारली म्हणून जगाने लगेच विश्वास ठेवला. कंपनीने नुसता स्वतःचा तक्ता छापला असता तर वाद वर्षभर चालला असता.

पण अशा सामायिक परीक्षा मोजक्याच विषयांत आहेत. बाकी ठिकाणी स्वतःची पाठ स्वतः थोपटण्याचीच चाल आहे. आणि चुका साखळीने वाढतात. कोविडच्या काळात ‘संगणकावर लशीची रचना’ अशा निबंधांचा पूर आला. एका साधनाने तुकडा निवडायचा, दुसऱ्याने तो ॲलर्जी आणतो का ते पाहायचे, तिसऱ्याने विषारीपणा, चौथ्याने घडी, पाचव्याने चिकटण्याची ताकद. प्रत्येक साधन ८० टक्के बरोबर आहे आणि प्रत्येकाची चूक स्वतंत्र आहे असे धरले, तर पाचही उत्तरे एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास येते. हा हिशेब आठवीच्या मुलालाही करता येतो. निबंधात मात्र तो क्वचितच दिसतो.

चालू आहे, पण शिळे आहे

बंद पडलेले साधन निदान कळते तरी. चालू असलेले पण शिळे झालेले साधन जास्त घातक. ‘डेव्हिड’ हे साधन याचे प्रसिद्ध उदाहरण. शेकडो जनुकांची यादी दिली की ही जनुके मिळून पेशीत कोणते काम करतात, ते हे साधन सांगते. जगभर लोकप्रिय, हजारो निबंधांत वापरलेले. पण त्याच्या पोटातली माहिती २०१०नंतर कितीतरी वर्षे नव्याने भरलीच गेली नव्हती. २०१६मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये एका गटाने हिशेब मांडला. २०१५ सालच्या सुमारे ३,९०० निबंधांपैकी ६७ टक्के निबंधांनी असे जुनाट साधन वापरले होते, आणि अद्ययावत माहिती वापरल्यावर ज्या जैविक प्रक्रिया सापडतात त्यांपैकी फक्त २६ टक्के त्यात सापडत होत्या. ‘डेव्हिड’ची माहिती पुढे अद्ययावत झाली. पण मधल्या वर्षांत छापलेले निबंध तसेच राहिले.

इथे मला आपल्या हदीसशास्त्राची आठवण होते. ही तुलना भक्तिभावाने करत नाही, पद्धतीच्या अंगाने करतो आहे. मुहद्दिसांनी प्रत्येक रिवायतीसोबत सनद मागितली: कोणी कोणाकडून ऐकले, दोघांची भेट शक्य होती का, सांगणारा सचोटीचा होता का, त्याचे पाठांतर पक्के होते का. हे आपण मदरशातही शिकतो. पण त्याहून बारीक एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. काही रावी तरुणपणी अत्यंत भरवशाचे होते आणि उतारवयात त्यांची स्मरणशक्ती बिघडली. मुहद्दिसांनी त्यांना सरसकट बाद केले नाही आणि जुन्या लौकिकावर सरसकट स्वीकारलेही नाही. कोणत्या शिष्याने त्यांच्याकडून बिघाडापूर्वी ऐकले आणि कोणी नंतर, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. पूर्वीचे घेतले, नंतरचे सोडले.

म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या विद्वानांना कळले होते की विश्वासार्हता एकदा शिक्का मारून संपत नाही, तिला तारीख लागते. आजचे नियतकालिक साधनाला असा तारखेचा शिक्का देत नाही. २०१०ला भरवशाचे असलेले साधन २०१५ला भरवशाचे आहे का, हे विचारायची कोणाची जबाबदारीच ठरलेली नाही.

मोठ्यांना सवलत

नियम लहानांना आणि सवलत मोठ्यांना, हेही या क्षेत्रात दिसून आले. ८ मे २०२४ला ‘नेचर’ने गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फाफोल्ड ३’चा निबंध छापला. आधीच्या आवृत्तीच्या वेळी, २०२१मध्ये, कोड खुला केला होता. या वेळी कोड दिला नाही. त्याऐवजी एक वेबसर्व्हर दिला, गूगलचे खाते असेल तरच वापरता येणारा, सुरुवातीला दिवसाला दहा भाकितांची मर्यादा असलेला, आणि औषधांसारख्या रेणूंसाठी न चालणारा. म्हणजे निबंधात जे दावे केले होते त्यांतले कित्येक बाहेरच्या माणसाला तपासताच येत नव्हते. निबंधासोबत कोड द्यावा हे धोरण ‘नेचर’चे स्वतःचेच. एका परीक्षकाने जाहीरपणे सांगितले की त्याने वारंवार मागूनही त्याला कोड मिळाला नाही. हजाराहून अधिक शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. शेवटी नोव्हेंबर २०२४मध्ये, बिगरव्यापारी वापरासाठी, कोड मिळाला.

‘अल्फाफोल्ड’ची गुणवत्ता वादातीत आहे. त्यामागच्या शास्त्रज्ञांना २०२४चे नोबेलही मिळाले. पण प्रश्न गुणवत्तेचा नाही. चंदीगडच्या किंवा नागपूरच्या एखाद्या गटाने कोड न देता, मर्यादित वेबसाइट दाखवून निबंध पाठवला असता तर तो परत आला असता. कायदा सगळ्यांना सारखा असेल तरच त्याला कायदा म्हणायचे.

पुण्याचे एक उदाहरण

आता एक चांगले उदाहरण, आपल्याच घरचे. १९९० साली पुणे विद्यापीठातल्या अशोक कोळस्कर आणि प्र. चं. टोणगावकर यांनी ‘फेब्स लेटर्स’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. प्रथिनाचा कोणता भाग शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल, हे अक्षरमालेवरून ओळखण्याची ती पद्धत होती. अचूकता सुमारे ७५ टक्के, असा त्यांचा दावा होता. तेव्हा वेबसाइट हा प्रकारच नव्हता. त्यांनी वीसही अमिनो आम्लांचे आकडे आणि गणिताची रीत निबंधातच छापली.

आज पस्तीस वर्षांनी अमेरिकेतल्या आयईडीबी या प्रतिकारशास्त्राच्या मोठ्या डेटाबेसवर, पर्यायांच्या यादीत, ‘कोळस्कर–टोणगावकर’ हे नाव दिसते. पहिल्यांदा मुलींना ते दाखवतो तेव्हा त्यांना खरे वाटत नाही. मूळ संगणक केव्हाच भंगारात गेला असेल. पद्धत टिकली, कारण ती कोणाच्या सर्व्हरमध्ये कोंडलेली नव्हती.

आणि अशी खुली मोजमापे होती म्हणूनच पुढे त्यांची परीक्षाही घेता आली. २००५मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अमिनो आम्लांच्या अशा ४८४ मोजपट्ट्या ५० प्रथिनांवर चालवून पाहिल्या. त्यांतली सर्वांत चांगलीसुद्धा केवळ अंदाजाने सांगण्यापेक्षा किंचितच सरस निघाली. हा निकाल या संपूर्ण प्रकारच्या पद्धतींना लागला. मला यात पुण्याच्या कामाचा कमीपणा वाटत नाही. जे उघड्यावर मांडले जाते तेच दुरुस्त होऊ शकते. बंद चौकटीतले साधन ना टिकते, ना चुकीचे ठरते. ते नुसते नाहीसे होते.

चालू ठेवण्याचेही एक उदाहरण मुंबईत आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने जंतुनाशक पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ हा डेटाबेस २०१०मध्ये ‘न्यूक्लिक ॲसिड्स रिसर्च’मध्ये मांडला, आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिली, चौथी आवृत्ती २०२३ची. म्हणजे आपल्याकडे हे होत नाही, असे नाही. संस्थेने मनावर घेतले तर होते.

मुतवल्ली कोण?

आपल्याकडे कोणी विहीर खोदली, मुसाफिरखाना बांधला, तर आपण त्याला सदका-ए-जारिया म्हणतो: ज्याचे पुण्य माणूस गेल्यावरही चालू राहते. पण जुन्या जाणत्या लोकांनी एवढ्यावर भागवले नाही. वक्फनाम्यात मुतवल्लीचे नाव लिहिले, आणि देखभालीसाठी एखादे दुकान किंवा शेताचा तुकडा लावून दिला. दोरी-बादलीचा खर्च कोण देणार हे ठरवल्याशिवाय विहीर दान करण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळत होते. जिथे मुतवल्ली झोपला तिथे वक्फचे काय झाले, तेही महाराष्ट्रातल्या मुसलमानांना नव्याने सांगायला नको.

ऑनलाइन साधन हीदेखील अमानत आहे. ते खुले केल्यावर अनोळखी माणसे त्यावर विसंबतात. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली: साधनाच्या प्रत्येक निबंधात मुतवल्लीचे नाव असावे. निबंध लिहिणारा विद्यार्थी नको, कायम नोकरीतली व्यक्ती किंवा संस्था हवी. खर्च कुठून येणार तेही एका वाक्यात लिहावे.

दुसरी: कोड आणि शिकवणीचा-चाचणीचा माहितीसंच निबंध छापण्यापूर्वीच कायमस्वरूपी संग्रहात जमा व्हावा. ‘झेनोडो’सारखे मोफत संग्रह आहेत, सर्न ही संस्था तो चालवते. सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्याला ते पुन्हा उभे करता येईल.

तिसरी: उत्तराच्या प्रत्येक पानावर साधनाची आवृत्ती आणि पोटातली माहिती कोणत्या तारखेची आहे, हे छापलेले असावे. औषधाच्या पाकिटावर मुदत असते, इथे का नको?

चौथी: नियतकालिकांनी वर्षातून एकदा आपल्या सर्व साधनांचे पत्ते तपासावेत. हे काम यंत्राला सांगता येते. पत्ता उघडत नसेल तर निबंधाच्या माथ्यावर तसे ठळक लिहावे. निबंध मागे घ्या असे मी म्हणत नाही, नोंद करा म्हणतो. शोधनिबंध छापण्यासाठी जी नियतकालिके लेखकांकडून घसघशीत शुल्क घेतात, त्यांना एवढे जड नाही.

पाचवी: साधनाच्या परीक्षकांमध्ये एक जण वापरणारा असावा. साधन बनवणाऱ्यांनीच साधने तपासली की ‘बटण कुठे आहे ते कळत नाही’ ही तक्रार कधीच येत नाही. आमच्या कॉलेजची मुलगी पाच मिनिटांत ती तक्रार करील.

यावर आक्षेप येतील, त्यातला एक मला गंभीर वाटतो. इतक्या अटी घातल्या तर लहान गट साधने काढणेच सोडतील, आणि मैदान पुन्हा श्रीमंत संस्थांना मोकळे होईल. पैशाची अडचण खरी आहे. स्वित्झर्लंडच्या ‘स्विस-प्रॉट’सारख्या प्रथिनांच्या पायाभूत डेटाबेसवरही १९९६मध्ये अनुदानाअभावी बंद पडायची वेळ आली होती. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ‘टेअर’ला अमेरिकन सरकारचा पैसा आटल्यावर वर्गणी सुरू करावी लागली. मग आपल्याकडचा दोन माणसांचा गट काय करणार?

पण माझ्या मागण्या पुन्हा वाचा. साधन कायम चालू ठेवा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. बंद करायचे तर खुशाल करा, पण सांगून करा आणि किल्ली मागे ठेवून जा. कोड जमा करायला पैसे पडत नाहीत. तारीख छापायला पैसे पडत नाहीत. उलट लहान गटाला याचा फायदाच आहे: त्याचा सर्व्हर गेला तरी त्याचे काम राहील, कोळस्कर-टोणगावकरांचे राहिले तसे. सगळीच साधने जगावीत असाही माझा हट्ट नाही. एकाच कामाची चाळीस साधने आहेत, त्यांतली पस्तीस गेली तर शास्त्राचे काही बिघडणार नाही. कोणती पाच ठेवायची हे मात्र तटस्थ परीक्षेने ठरावे. कोणाच्या सर्व्हरचे बिल कोणी भरले यावरून नव्हे.

नियतकालिके बदलायला वेळ लागेल. तोवर माझ्या विद्यार्थिनींना, आणि हे वाचणाऱ्या इतर कॉलेजांतल्या मुला-मुलींना, मी चार गोष्टी करायला सांगतो. साधन वापरण्याआधी त्यातली माहिती शेवटची कधी भरली ते शोधा. एकाच साधनावर विसंबू नका, वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या साधनाचे उत्तरही काढा. ज्याचे उत्तर प्रयोगाने आधीच माहीत आहे अशी दोन-तीन प्रथिने आधी टाकून पाहा. ती चुकली तर पुढे जाऊ नका. आणि प्रत्येक उत्तर त्याच दिवशी उतरवून घ्या: तारीख, आवृत्ती, निवडलेले पर्याय, सगळे वहीत. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक विचारील, ‘हे कुठून आणले?’ तेव्हा तुमच्याजवळ सनद असली पाहिजे.